जालूमामांची रिकामी फेरी

तळेगाव ढमढेरेच्या स्टँडवर जालूमामांची जीप पहिल्या नंबरला उभी दिसली की आम्ही नोकरदार घड्याळाकडे बघायला लागायचो. ती निघणार कधी हे खुद्द मामांनाही माहीत नसायचं. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही, हा वडापचा, म्हणजे सीटवर माणसं भरून नेणाऱ्या गाड्यांचा, नियम. आणि भरली म्हणजे नेमकं काय, याबाबत मामांचं आणि जगाचं कधी जुळलंच नाही. मागे माणसांवर माणसं, पुढे चौघं, मामांच्या उजव्या हाताला दारात लटकलेला आणखी एक, गिअर कुणाच्या तरी गुडघ्यांमधून शोधून टाकायचा; आणि एवढं असूनही मामा मुंडी बाहेर काढून ओरडत असायचे, "शिक्रापूर, शिक्रापूर, एकच सीट! सरका की जरा, माणसंच हायेत, पोती न्हाईत!" शिक्रापूरच्या चौकातून सुटणारी माझी कंपनीची बस त्या एका सीटपायी रोज चुकायची. मनातल्या मनात मी मामांना इतक्या शिव्या घातल्यात की त्यांचं आयुष्य नक्की वाढलं असणार.

पण माझं दुःख काहीच नव्हतं. खरं दुःख सोजराबाईंचं, म्हणजे आमच्या मामींचं. बाईंचं माहेर दौंडचं. माहेरी निघाल्या की घरच्या गाडीत पुढे, नवऱ्याशेजारी, ठेवणीतलं लुगडं नेसून बसायच्या. स्टँड सुटायच्या आत मामा म्हणायचे, "सोजर, तू मागं जा, पावणे हायेत." पुढच्या फाट्यावर, "सोजर, जरा उभी ऱ्हा." एकदा तर गृहस्थाने बायकोला न्हावरे गावाच्या अलीकडे उतरवलं आणि सांगितलं, मागच्या गाडीने ये. का, तर दोन म्हाताऱ्यांनी हात केला होता, आणि पॅसेंजरला नाही कसं म्हणायचं? बाई शंकररावांच्या, म्हणजे मामांच्या हाडवैऱ्याच्या जीपमधून माहेरी पोचल्या. घरची गाडी असून सबंध तालुक्यात सगळ्यात जास्त पायी चाललेली बाई म्हणजे मामी. याचा मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो.

मग जीपचं वय झालं आणि ती भंगारात गेली. मुलाने, विक्रमने, भाजीसाठी पिकअप घेतली आणि बापाला साफ सांगितलं की आता घरी बसा. डॉक्टरने गुडघ्यांसाठी सायकल चालवायला सांगितली. विक्रमने रांजणगावच्या कुणा इंजिनिअरची गिअरची सायकल स्वस्तात आणून दिली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची, दिसायला उपाशी. मामांनी तिला एक प्रदक्षिणा घातली आणि तशीच वेल्डिंगवाल्याकडे नेली. "कॅरिअर बसव," म्हणाले. "मागची सीट न्हाई ती काय गाडी?"

पहिल्याच सकाळी ते सायकल घेऊन सवयीने स्टँडवर आले, एक पाय टेकून उभे राहिले आणि तोंडातून आपोआप निघालं, "शिक्रापूर, शिक्रापूर!" एक म्हातारा मुकाट येऊन कॅरिअरवर बसला. मामा निघाले. झालं! चालक-मालक संघटनेचे अध्यक्ष शंकरराव खवळले. नंबर तोडला! संघटनेची बैठक भरली. सायकल हे वाहन आहे की नाही यावर दोन तास खल झाला. शेवटी ठरलं की सायकल चालेल, पण नंबरात. मामांना ते शंभर टक्के पटलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना याच नियमावरून धरलं होतं.

तेव्हापासून आमच्या स्टँडवर दोन जीप, मग मामांची सायकल, मग पुन्हा एक जीप, अशी रांग लागू लागली. पुढची गाडी भरून गेली की मामा सायकल हाताने दोन पावलं पुढे ढकलायचे आणि पुन्हा रांगेत उभी करायचे. बाहेरगावची माणसं हसायची. आमच्या लोकांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. एकदा नेमका मी आलो आणि नंबर त्या सायकलचा. मागच्या जीपवाल्याने मला चढूच दिलं नाही. शेवटी बसलो कॅरिअरवर, मांडीवर डबा घेऊन. मी बसलो आणि मामा म्हणाले, "भरली." नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मी कंपनीच्या बसच्या आधी चौकात पोचलो.

त्याच फेरीत, वाऱ्याला तोंड देत, मामा मला म्हणाले, "ज्ञानदेवा, जल्मभर माणसं वाहिली. आता एकच इच्छा हाय. एक फेरी रिकामी मारायची."

मी पडता पडता वाचलो. वडापच्या धंद्यात रिकामी फेरी हा अपशब्द आहे. वाईट चिंतायचं असलं की एकमेकांना तसं म्हणतात.

"कुठं?" मी विचारलं.

"कोकणात. समुद्राच्या कडंकडंनं. चहाच्या गाडीवर ती पुण्याची सायकलवाली पोरं येत्यात ना, ती सांगत व्हती. दोन्हीकडनं रान, मधी रस्ता, आन् कोस कोस माणूस न्हाई. कुणी हात करणार न्हाई, कुणी सरका म्हणायचं न्हाई. मागं कायबी वजन न्हाई. तसं एकदा चालवून बघायचंय मला. मरायच्या आधी."

हे ऐकून मात्र मला गलबलून आलं. एवढ्या वर्षांत हा माणूस स्वतःच्या गाडीत धड मांडी टेकून बसला नव्हता, अर्धा दाराबाहेरच असायचा, हे मला तेव्हा कुठे आठवलं.

मामींना कळलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "मी मागं बसते की. मलाबी समुद्र बघायचाय. माझं वजन ते किती!"

"तू बसलीस तर ती रिकामी फेरी कशी व्हईल?" मामा म्हणाले. अगदी सरळपणे, समजावून सांगितल्यासारखं. मामींनी कपबश्या उचलल्या आणि आत गेल्या. माझा अर्धा राहिलेला कपही त्यात गेला.

निघायच्या दिवशी आणखीच तमाशा. भाजीचा एक टेम्पो माणगावला जाणार होता, तो शिक्रापूरच्या चौकात मामांना सायकलीसकट घेणार होता. मामा पिशव्या बांधून तळेगावच्या स्टँडवर उभे. पायडलवर पाय ठेवायचे आणि काढायचे. ठेवायचे आणि काढायचे. ऊन वर आलं. टेम्पोवाल्याचे फोनवर फोन. मी म्हटलं, "मामा, निघा की."

"पाय उचलत न्हाई रं," ते कानकोंडे होऊन म्हणाले. "गाडी रिकामी हाय ना."

जित्याची खोड! मी गपचूप कॅरिअरवर बसलो. मागचं वजन कळल्याबरोबर सायकल अशी सुटली की शंकररावांची जीप मागे राहिली. चौकात मी उतरलो, सायकल टेम्पोत चढवून दिली आणि हात जोडले. पुढचं सगळं मला रोज संध्याकाळी फोनवर कळत गेलं. मामा आधी घरी फोन करायचे, मग मला.

माणगावहून श्रीवर्धनच्या रस्त्याला लागल्यावर म्हणे थोडा वेळ अगदी मनासारखं झालं. साग, ऐन, काजू, सावली, आणि माणूस नाही. मग एका वळणावर एक म्हातारा रस्त्याकडेला पाठमोरा उभा दिसला. मामांनी ब्रेक दाबले. "बसा, आबा." म्हातारा बिचारा लघवीला उभा राहिला होता. पण एवढ्या अगत्याने कुणी बसा म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं, म्हणून तो बसला. श्रीवर्धनच्या वेशीवर त्याला आठवलं की आपल्याला कुठेच जायचं नव्हतं. मामांनी त्याला परत नेऊन, त्याच झाडाखाली उतरवला. पहिला दिवस त्यात गेला.

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याची फेरीबोट. खाडी ओलांडून पलीकडे वेसवीला सोडते. मामा सायकल घेऊन चढले आणि बघतात तर बोटीत निम्मी जागा मोकळी! त्यांच्या जिवाची घालमेल झाली. भोंगा वाजला तसे ते धावत धक्क्याच्या उतारावर गेले, बोटवाल्याला हात करून थांबवलं आणि ओरडायला लागले, "वेसवी, वेसवी! एकच सीट! चला ताई, सरका दादा!" बोटवाल्याला वाटलं, मालकाने नवा माणूस ठेवला. एक लग्नाचं वऱ्हाड, दोन रिक्षा आणि बैलगाडीतला पेंढा, असं सगळं भरून घेतल्यावरच मामांनी बोट हलू दिली. पलीकडे उतरल्यावर बोटवाल्याने त्यांना उद्यापासून कामावर या म्हणून सांगितलं. रिकाम्या फेरीला निघालेला हा माणूस!

"मामा," मी फोनवर म्हटलं, "तुम्हाला एकटं जायचं होतं ना?"

"जायचंच हाय," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "पण लोकं दिसत्यात रं! दिसल्यावर काय करू? डोळं मिटून चालवू?"

तिसऱ्या दिवशी रंभाबाई नावाची मासेवाली भेटली. डोक्यावर मासळीची पाटी, पायात चप्पल नाही, आणि समोर चढ. मामांनी तिला बसवलं. पाटी तिने डोक्यावरच ठेवली, कारण सायकलवर ओझं नको म्हणाली. मामांना ते फार पटलं. संध्याकाळी मोठ्या कौतुकाने त्यांनी ही हकिगत घरी सांगितली. तिकडून मामींनी एवढंच विचारलं, "बाई बसवली व्हय मागं?"

"पॅसेंजर हाय ती."

"बरं," मामी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मामी आमच्या दारात. माझ्या बायकोकडे, अनुपमाकडे, त्यांनी आमची मोठी पिशवी मागितली. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, "समुद्राला." सोबत कोण? "कोण कशाला? बाईमाणसाला एस्टीला अर्धं तिकीट हाय. दुसरं माणूस घेतलं तर त्येचं वझं कोण उचलणार?" आणि तरातरा स्टँडकडे गेल्या. शंकररावांची जीप नंबराला होती. मामी तिच्याकडे न बघता पुढे चालत गेल्या आणि एसटी धरली. मी मामांना फोन लावला, पण रानात त्यांना रेंज नव्हती.

त्या वेळी मामा केळशीच्या वाटेवर, दाट झाडीत होते. आणि शेवटी, एकदाचं, ते घडलं. चढ संपला, उतार लागला, मागे पुढे कुणी नाही. उजव्या हाताला झाडांच्या फटीतून समुद्र दिसतोय, वारा कानात, सायकल आपोआप पळतेय. मामांनी मला सांगितलं, की त्या उतारावर ते मोठ्याने हसले, मग गाणं म्हणाले, मग हँडल सोडून दोन्ही हात पसरले. मागे काही वजन नाही म्हणजे काय असतं ते त्यांना कळलं. "अंगातला ताप उतरल्यावानी वाटलं," म्हणाले.

मग कॅरिअर दबलं. मामांनी वळून बघितलं तर वानर. पिशवीतल्या केळ्यांसाठी झाडावरून उतरून नीट दोन्हीकडे पाय टाकून बसलेलं. याच्यावर माझा विश्वास नाही, पण मामा देवाची शपथ घेतात. त्याहून भयंकर म्हणजे, आपल्या तोंडून काय निघालं तेही ते लपवत नाहीत. ते त्याला म्हणाले, "कुठं उतरायचं?"

उताराच्या तळाशी एक फाटा होता. वानर उतरलं आणि माणसं सुरू झाली. चिंचेखाली बरीच मंडळी एसटीची वाट बघत होती. मामांनी एकाला पुढच्या वाडीत सोडलं, तर परत येईपर्यंत दुसरा तयार. भांडण नको म्हणून मामांनी त्यांना नंबराचा नियम समजावून सांगितला. कोकणातली माणसं शहाणी, लगेच नंबराने बसली. मामा एकेकाला पोचवायचे, परत यायचे. सकाळपासून ते तिथल्या तिथेच होते. आणि दुपारी खरोखरची एसटी आली, तर चिंचेखालचं कुणी उठेना. उठलं तर नंबर जाईल!

मामा तेव्हा चढावर होते, मागे एक पोस्टातले निवृत्त गृहस्थ. एसटी हळूहळू बाजूने वर चढली. अख्खी गाडी रिकामी. फक्त मधल्या एका खिडकीत एक बाई, समोरच्या सीटवर पाय पसरून, पदर वाऱ्यावर सोडून, समुद्राकडे बघत बसलेली. मामांनी ओळखलं. हातातलं हँडल सोडून त्यांनी हात केला. दोन्ही हात केले. मागचे गृहस्थ पडले. मामींनी खाली बघितलं. नवऱ्याला बघितलं, मागून उठणाऱ्या गृहस्थांना बघितलं, आणि पुन्हा समुद्राकडे बघायला लागल्या. घंटी ओढली नाही, कंडक्टरला हाक मारली नाही. एसटी गेली.

मामा केळशीला पोचेपर्यंत ऊन कललं होतं. मामी सुरूच्या बनात वाळूत बसून शेंगा खात होत्या.

"गाडी थांबवायला सांगायची की गं," मामा म्हणाले.

"कशाला? तुम्ही चढला असता तर रिकामी कशी ऱ्हायली असती?"

मामा सायकल झाडाला टेकवून वाळूत बसले. मग त्यांनी विचारलं, "बरं वाटलं का?"

"लय बरं वाटलं," मामी म्हणाल्या. "पाय वर घिऊन बसले. कुणी सरक म्हणलं न्हाई. कुणी ऊठ म्हणलं न्हाई. ड्रायव्हर बी परका. एवढं बरं मला तुमच्या गाडीत कवाच वाटलं न्हाई."

मामा म्हणतात, समुद्र त्यांनी त्या संध्याकाळी बघितलाच नाही. बायकोकडे बघत बसले. न्हावऱ्याच्या अलीकडे उतरवलं तेव्हा ती किती वेळ उन्हात उभी राहिली असेल, हे त्यांच्या डोक्यात त्या दिवशी पहिल्यांदा आलं. त्यांना रडू फुटलं. मामींनी त्यांना मूठभर शेंगा दिल्या.

"उद्या दोघं जाऊ," ते म्हणाले. "मागं बस. मी कुणालाबी घेत न्हाई."

"तुम्ही घेणार," मामी म्हणाल्या. "मी एस्टीनं पुढं जाते. तुम्ही या सावकाश, लोकं सोडत सोडत."

आणि गेल्या की! आंजर्ले, हर्णै, गुहागर, जिथे जिथे मामा पोचत तिथे आदल्या दिवशी एक बाई येऊन, समुद्र बघून, पुढे गेलेली असायची. मामा तिचा पत्ता विचारत फिरत होते, आणि विचारायला थांबलं की कुणीतरी मागे बसायचं. शेवटी गुडघ्यांनी हात टेकले. मामा टेम्पोने घरी परत आले. मामी आल्या नाहीत. विक्रमने फोन केला तर म्हणाल्या, आणखी थोडा समुद्र शिल्लक आहे.

मामा आता रोज स्टँडवर येत, पण सायकल नंबराला लावत नसत. मला त्यांची काळजी वाटायला लागली. बाई परत आली तरी यांच्या मागे बसणार नाही, असं माझं मत झालं होतं. आणि खरं सांगायचं तर, बसू नये असंच मला वाटत होतं.

आठवडे बाजाराचा दिवस होता. स्टँडवर ही गर्दी. मामी येणार असा निरोप आला होता. मामा सकाळपासून सायकल धुऊन, कॅरिअरवर घडी घातलेली सतरंजी बांधून, रांग सोडून एका बाजूला उभे होते. शंकररावांची जीप नेमकी बंद पडली होती आणि त्यांना घाईने चौकात जायचं होतं. वैर विसरून ते आले.

"जालिंदर, शिक्रापूर?"

"भरली," मामा म्हणाले.

"कुठं भरलीय? मोकळं दिसतंय की समदं."

"भरली म्हणलं ना."

शंकररावांनी रिकाम्या कॅरिअरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली. बाजारातल्या गिताबाई भाजीचं गाठोडं घेऊन आल्या, त्यांनाही तेच उत्तर. आयुष्यात पहिल्यांदा जालूमामा माणसाला नाही म्हणत होते. प्रत्येक नकारानंतर ते सतरंजीची घडी पुन्हा नीट करत होते.

एसटी आली. मामी उतरल्या. उन्हाने काळ्या पडलेल्या, तोंडावर तेज. त्यांनी नवऱ्याला बघितलं, सतरंजी बघितली, हातातली आमची पिशवी माझ्या हातात दिली. सतरंजी हाताने चाचपली. मी माझ्या मताविरुद्ध मनात म्हणत होतो, बसा, मामी, बसा एकदा.

"वाटंत कुणी हात केला तर?" मामींनी विचारलं.

"करू दे," मामा म्हणाले.

मामी बसल्या. "लांबच्या वाटंनं घ्या," म्हणाल्या, "घरी काय जायचंच हाय." सायकल निघाली. बाजाराच्या तोंडाशी गिताबाईंनी हात केला, पुलापाशी शाळेच्या मास्तरांनी केला, रस्त्यात मधोमध उभं राहून शंकररावांनी दोन्ही हात केले. सायकल त्यांना वळसा घालून गेली. मलाही कंपनीला उशीर झाला होता. पिशवी सांभाळत मागून पळत जाऊन मीही हात केला. मामांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, घंटी वाजवली आणि गेले.